लेकीचं बोलणं वहीत उतरवताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेक पडली, तू नेहमीप्रमाणे "बघ, किती मुंग्या मेल्या!" म्हणालास आणि ती रडणं थांबवून म्हणाली, "मग त्यांच्या बाळांना कोण भरवणार?" हे वहीत लिहून ठेवलंस, फार चांगलं केलंस. पण वहीत तू नुसतं तिचंच वाक्य उतरवलं आहेस. मुंग्या कुठून आल्या, हे दोन वर्षांनी तुलाही आठवणार नाही. मुलांच्या बोलण्यातली गंमत निम्मी आपल्याच वाक्यात असते. आपण सवयीने बोलून जातो, ती ते शब्दशः धरतात.

म्हणून प्रत्येक नोंदीत आधी तारीख आणि तिचं वय घाल, वर्षं आणि महिने दोन्ही. तीन वर्षं दोन महिने आणि तीन वर्षं नऊ महिने यांच्या बोलण्यात केवढा फरक असतो! मग त्या वेळी काय चाललं होतं, तू काय म्हणालास आणि शेवटी ती काय म्हणाली. वही स्वयंपाकघरात ठेव, पेन्सिल दोऱ्याने बांधून. आणि पाच-दहा मिनिटांच्या आत लिही. उशीर झाला की आपलं डोकं तिचं व्याकरण दुरुस्त करून टाकतं. ती म्हणालेली असते "मी करलं", वहीत उतरतं "मी केलं", आणि मोलाचं तेच जातं.

'करलं' हा शब्द तिने कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, हे लक्षात घे. पड-पडलं, बस-बसलं, उठ-उठलं, मग कर-करलं. नियम तिने स्वतः शोधून काढला आहे. १९५८ साली अमेरिकेत मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी मुलांना 'वग' नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केलं. तेव्हा आधी 'केलं' नीट म्हणणारी पोरगी मध्येच 'करलं' म्हणायला लागली तर घाबरू नकोस. "असं नाही म्हणायचं" म्हणून अडवूही नकोस, बोलणंच तुटतं. "हो का? तू एकटीने केलंस?" एवढंच म्हण. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात.

ती "मी येतो", "मी जातो" म्हणते म्हणून तुझी आई काळजीत आहे, असं लिहिलं आहेस. संध्याकाळभर ती तुझ्याबरोबर असते आणि स्वतःबद्दल बोलताना तू 'येतो'च म्हणतोस, तेच ती उचलते. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी बायका 'मी येतो' असंच म्हणतात, हेही आईंना सांग.

सगळ्यात जास्त गमती होतात त्या काळाच्या. "मी उद्या आजीकडे गेले होते." "बाबा, तू लहान होशील ना, तेव्हा मी तुला कडेवर घेईन." 'काल' आणि 'उद्या' म्हणजे तिच्या लेखी नुसतं 'आज नाही'. त्यात आपला 'परवा' दोन्हीकडचा, होऊन गेलेलाही आणि येणाराही. तिने घोळ घातला तर दोष तिचा कसा? वार-तारखा सांगत बसण्यापेक्षा झोपा मोज: "दोनदा रात्री झोपलीस की आजी येणार." 'पाच मिनिटांत'ऐवजी "एवढी कणीक मळून झाली की" म्हण. हे तिला दिसतं, त्यामुळे भांडणही कमी होतं.

आकड्यांत 'वीस नऊ'नंतर 'वीस दहा' आलं तर तेही जसंच्या तसं लिही. आपल्या 'एकोणतीस'मध्ये पुढच्या तिसाचं नाव आधीच येतं, मुलांना ते अवघडच जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा वाद झाला होता!

पोळीचे चार तुकडे करून दिले की "आता खूप झाली" म्हणून ती खूश होते ना? वाटीतलं दूध तिच्यासमोर उंच, अरुंद पेल्यात ओत आणि जास्त कशात होतं ते विचार. पेल्यात, असंच म्हणेल. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवून दिलं. साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं उंचीलाच भुलतात. तिला पटवून द्यायला जाऊ नकोस, "का गं?" एवढं विचार आणि उत्तर लिहून घे.

तिच्या 'का?'च्या माळेलाही हेच. दोनदा खरं उत्तर दे, तिसऱ्यांदा "तुला काय वाटतं?" विचार आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक जण तिसऱ्या आकड्यालाच बोलून मोकळे होतात आणि उत्तर हातचं जातं. पाऊस का पडतो, तर "माझे गमबूट नवीन आहेत ना, म्हणून" अशी उत्तरं त्या शांततेतच येतात.

एक मात्र कळकळीने सांगतो. पाहुण्यांसमोर "ते मुंगीचं सांग गं" असं म्हणू नकोस, आणि लगेच मोबाईल समोर धरू नकोस. हशा पिकतो हे कळलं की ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, नवं सुचणं थांबतं. किंवा उलट तिला वाईट वाटतं, कारण मुंगीच्या बाळांची काळजी तिला खरोखरच वाटत होती.

त्या बाळांना कोण भरवणार, याचं तू काय उत्तर दिलंस ते कळवलं नाहीस. पुढच्या पत्रात तेवढं लिही, आणि त्यावर ती काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
मित्र