मंगळावरच्या वस्तीचा प्रश्न मातीचाही आहे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

परग्रहावरील मानवी वस्तीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. मंगळापर्यंतच्या प्रवासाला सहा-सात महिने का लागतात आणि निघण्याची योग्य वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदाच का येते, हे लेखकाने उत्तम समजावले आहे. मात्र तिथे उतरलेली माणसे दुसऱ्या वर्षी काय खाणार, हा विषय काचगृहात शेती होईल एवढ्यावरच संपवला आहे. यावल तालुक्यात तीस वर्षे केळी पिकवणारा शेतकरी म्हणून त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

मंगळावर ज्याला माती म्हटले जाते, तो आमच्या भाषेत मुरूम आहे. त्यात कुजलेला पाला नाही, गांडूळ नाही, हवेतले नत्र मुळांना मिळवून देणारे जिवाणू नाहीत. शिवाय २००८ साली फिनिक्स यानाला त्यात परक्लोरेट हे क्षार सापडले, जे थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून ते धुऊन काढता येतील असे सांगितले जाते. पण ज्याने खारवट जमीन सुधारली आहे, त्याला ठाऊक असते की क्षार धुवायला पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी द्यावे लागते आणि ते खारे पाणी काढून द्यायला चर खणावे लागतात. मंगळावरचे पाणी बर्फाच्या रूपात आहे. ते खणायचे, वितळवायचे, आणि एकदा वापरलेले पाणी सोडून न देता पुन्हा शुद्ध करायचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मूत्र, घाम आणि श्वासातील बाष्प यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात २०२३ मध्ये यश आले, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते मोजक्या अंतराळवीरांच्या वापराचे पाणी आहे, शेताचे नव्हे.

बरे, उत्तम माती पृथ्वीवरून नेली तरी काम भागत नाही, हे अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये दिसून आले आहे. तिथे ‘बायोस्फिअर २’ नावाच्या, तीन एकरांहून थोड्या मोठ्या हवाबंद काचगृहात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. त्यांनी आपले बहुतेक अन्न आतच पिकवले; त्यात केळीही होती. सुमारे सोळा महिन्यांत आतल्या हवेतील प्राणवायू जवळजवळ २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला आणि शेवटी तो बाहेरून भरावा लागला. कारण असे निघाले की सेंद्रिय खताने समृद्ध केलेल्या मातीतील जिवाणू प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो वायू पुन्हा झाडांकडे जाण्याऐवजी इमारतीच्या काँक्रीटमधील चुन्यात मुरत होता. बंद केलेल्या पेवात ज्वारी श्वास घेत राहते, म्हणून पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. उघड्या शेतात मातीचा हा श्वास आपल्याला जाणवत नाही, कारण वर सगळे आकाश आहे. चार भिंतींत मात्र खताची प्रत्येक पाटी प्राणवायूच्या हिशेबात धरावी लागेल.

मंगळावर तर हा हिशेब चुकला तर बाहेरून हवा घेण्याची सोय नाही. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यापासून प्राणवायू करणाऱ्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला, म्हणजे एका माणसाला जेमतेम साडेतीन तास पुरेल इतका. हे होऊ शकते एवढे त्यातून सिद्ध झाले, आणि मला त्याचे मोल कमी वाटत नाही.

बायोस्फिअरमधील त्या आठ जणांत पुढे चार-चारांचे दोन गट पडले, हेही विसरू नये. पांझरेकाठच्या फड पद्धतीत गावांनी शेकडो वर्षे बंधाऱ्याचे मोजके पाणी आपापसांत ठरवून वाटून घेतले. अपुऱ्या पाण्यात एकत्र कसे नांदायचे, याचा तो अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. मंगळावरच्या, पृथ्वीच्या ३८ टक्केच असलेल्या गुरुत्वाकर्षणात मूल नीट वाढेल का, हा प्रश्न तर अजून कोणी तपासूच शकलेले नाही.

तरीही हा प्रयत्न सोडून द्यावा असे माझे म्हणणे नाही. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अवकाश स्थानकात मूग आणि मेथी रुजवण्याचा प्रयोग केला. या कामात यानाच्या अभियंत्यांइतकाच मृदाशास्त्रज्ञांचा वाटा असला पाहिजे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जळगावच्या केळी संशोधन केंद्रात एक लहान हवाबंद खोली उभारावी, तिच्यात काळी माती आणि पीक ठेवून हवा, पाणी व खत यांचा वर्षभराचा जमाखर्च मांडावा आणि तो शेतकऱ्यांनाही उपलब्ध करून द्यावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी. खोलीसाठी लागणारी माती आणि केळीचे कंद मी माझ्या शेतातून विनामूल्य देईन.

आपला विश्वासू,
एक केळी उत्पादक,
ता. यावल, जि. जळगाव