महापुरानंतर पाहिलेले चित्रपट

कोल्हापूर,
जुलै अखेर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ज्याने 2019 चा महापूर स्वतःच्या घरात पाहिला, तो माणूस सुटीच्या दिवशी पुन्हा भूकंपाचे, त्सुनामीचे आणि दरडींचे चित्रपट कशासाठी पाहत बसतो, असे तू विचारले आहेस. त्या प्रश्नामागची काळजी मला कळते. पण उत्तर द्यायचे तर आधी आमच्या घराची पायरी सांगावी लागेल.

शाहूपुरीतले आमचे घर तू पाहिले आहेस. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. 2005 च्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते आणि वडिलांनी तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवली होती. 2019 च्या नागपंचमीला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती, शिवाजी पुलाची ‘मच्छिंद्री’ होऊन गेली होती, म्हणजे पाणी पुलावरच्या मोठ्या पुराच्या जुन्या खुणेपर्यंत चढले होते, गल्लीतली निम्मी घरे रिकामी झाली होती, आणि आम्ही मात्र बॅटरी घेऊन दर अर्ध्या तासाने ती रेघ पाहत होतो. पाणी समोरून आलेच नाही. नदी फुगली की जयंती नाल्याच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फिरते आणि गटारांतून, न्हाणीच्या मोरीतून, कसलाही आवाज न करता वर येते. रेघ बुडाली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. आईला खुर्चीत बसवून, चौघांनी ती खुर्ची उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावी लागली. पुढे नदी 55 फुटांच्याही वर गेली, पंपिंग स्टेशने बुडाली, आणि पाण्याने वेढलेल्या शहरात आम्ही प्यायच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभे राहिलो.

तेव्हापासून असे चित्रपट पाहताना लाट किती उंच दाखवली आहे याकडे माझे लक्ष जात नाही. लाट येण्याआधी माणसे काय करतात, ते मी पाहतो. या कसोटीला बहुतेक चित्रपट उतरत नाहीत. त्यांत एक शास्त्रज्ञ जीव तोडून सांगत असतो, एक हट्टी अधिकारी ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्याला शेवटी पाणी नाहीतर लाव्हा गिळतो. थांबणारी माणसे मूर्ख असतात, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावाकडची माणसे म्हशी सोडून निघायला तयार होत नव्हती, कारण गोठ्यातल्या दोन म्हशींवर घराचे वर्ष चालते. माझे वडील काही मूर्ख नव्हते; त्यांच्याजवळ भिंतीवरचा पुरावा होता.

म्हणून 2015 मधला ‘द वेव्ह’ हा नॉर्वेचा चित्रपट तू अवश्य पाहा. गैरांगर हे तिथल्या एका खाडीच्या टोकाचे गाव आणि जवळच्याच खाडीकाठचा ऑक्नेसचा डोंगर. डोंगराला पडलेली भेग खरी आहे आणि तिच्यावर उपकरणांनी सतत नजर ठेवली जाते. त्याच भागात टाफ्योर्ड येथे 1934 मध्ये कडा खाडीत कोसळला आणि उठलेल्या लाटेत 40 माणसे गेली. चित्रपटात कडा सुटल्यावर गावाजवळ उरतात दहा मिनिटे. परंतु मला खिळवून ठेवले ते त्याच्या आधीच्या तासांनी. उपकरणांवरचे आकडे बदलत असतात, आणि नियंत्रण कक्षातले सहकारी पर्यटनाचा हंगाम आहे, उगाच घबराट नको, म्हणून भोंगा वाजवायला कचरतात. ते पाहताना मला आमची बॅटरी आणि आमची रेघ दिसत होती.

‘द इम्पॉसिबल’ (2012) तू पाहिलाच असशील. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीतून थायलंडमध्ये वाचलेल्या एका स्पॅनिश कुटुंबाची ती खरी हकीकत आहे. चित्रपटाने ते कुटुंब ब्रिटिश केले, हे मला खटकले. पण त्यातले पाणी खोटे वाटत नाही. ते गढूळ आहे, त्यात फांद्या आणि पत्रे आहेत, आणि ते माणसाला नुसते बुडवत नाही, तर सोलून काढते.

त्याच त्सुनामीतली एक गोष्ट मात्र कोणत्याही चित्रपटापेक्षा माझ्या मनात अधिक घर करून आहे. सुमात्राजवळ, भूकंपाच्या केंद्राच्या जवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. 1907 मध्ये तिथे अशीच लाट येऊन गेली होती, आणि तेव्हापासून आज्या नातवंडांना ‘स्मोंग’ची, म्हणजे त्यांच्या भाषेत त्सुनामीची, गोष्ट सांगत आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर काहीही न घेता टेकडीवर पळायचे. 2004 मध्ये त्या बेटावर सुमारे 78,000 माणसे राहत होती आणि त्यांतली सातच दगावली. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आठवण त्यांनीही जपली होती आणि आम्हीही. आमच्या रेघेने पाणी कुठे थांबले होते ते सांगितले. त्यांच्या गोष्टीने केव्हा निघायचे ते सांगितले.

केरळच्या महापुरावरचा मल्याळम ‘2018’ मी तुझ्यासाठी राखून ठेवला आहे. मासेमारांनी आपल्या होड्या घेऊन माणसे बाहेर काढली, तो भाग एकट्याने पाहवत नाही. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढताना उलटलेली नाव आठवते. तू गणपतीत आलास की सोबत पाहू.

2021 च्या जुलैत आम्ही 39 फुटांच्या इशारा पातळीलाच घर सोडले. वडील काही बोलले नाहीत, स्वतःच कुलूप लावून पुढे झाले. आता मुलांना ती रेघ कोणी दाखवत नाही. 39 म्हटले की कोणी काय उचलायचे, हे त्यांना पाठ आहे. आज सकाळी पाणी 36 फुटांवर होते. आईची औषधे आणि कागदपत्रांची पेटी दाराशी आणून ठेवली आहे, आणि पत्र आजच टाकतो आहे, म्हणजे रस्ते बंद होण्याआधी ते निघेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र