२०३० ची वाट बघायची नाही, बाबा

केरी, नॉर्थ कॅरोलायना
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून बाबा म्हणतील, हिचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचं, नाव काढलं की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता, आणि आई "अगं, त्यांना कोण सांगणार" म्हणत फोडणीकडे वळते. कागद मात्र तुम्ही वाचता. वाचता, घडी घालता, वर तारीख टाकता आणि निळ्या फोल्डरमध्ये लावता. म्हणून हा कागद.

भाऊबीजेला जेवताना तुम्ही म्हणालात, "२०३० पासून सगळं फुकट होणार आहे ना? मग २०३० लाच करू. पाच वर्षं काय, अशी जातील." सगळे हसले, मीही हसले. चूक माझीच, तो आकडा तुम्हाला मीच सांगितला होता. परतीच्या विमानात मात्र तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि ते काही विनोदी वाटेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चालायला गेलात तेव्हा मी फोल्डर उघडला होता. (रागावू नका, आईला विचारून उघडला.) २०१८ च्या कोलोनोस्कोपीचं ते बिल सापडलं. १८७ डॉलर. 'डायग्नॉस्टिक', म्हणजे निदानाची तपासणी, या शब्दाखाली तुम्ही लाल पेनाने दोनदा रेघ ओढली आहे आणि बाजूला लिहिलं आहे, "मोफत म्हणाले होते!" त्या सेंटरच्या बाईंनी तुम्हाला तपासणीआधी अर्धंच सांगितलं, यात शंका नाही. पण फसवलं कोणी नव्हतं. नियमच तसा विचित्र होता. मी दिवसभर बिलांवर हेच कोड टाकत बसते, तरी तो मला अजूनही विचित्रच वाटतो.

समजा, सांगलीच्या घरात साप शिरलाय का ते बघायला माणूस बोलावला. बघण्याचे पैसे घेत नाही म्हणाला. साप नसेल तर नमस्कार करून जाईल. सापडला आणि त्याने धरला, तर म्हणणार, आता हे बघणं राहिलं नाही, हे धरणं झालं, पैसे काढा. मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचं, तेच होतं. आतड्यात काही नसेल तर स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली तपासणी, तुमचा खर्च शून्य. कोंब, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला पॉलिप, सापडला आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे कापला, तर स्क्रीनिंगचं उपचारात रूपांतर आणि वीस टक्के तुमच्या माथी. तुमचा कोंब कापला, म्हणून १८७. म्हणजे ज्या कामासाठी तपासणी करायची, तेच काम झालं की दंड!

हे बरोबर नाही, हे अमेरिकेच्या संसदेला, काँग्रेसलाही, शेवटी पटलं. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, पण हिस्सा एकदम न काढता पायरीपायरीने उतरवला. २०२३ पासून २०२६ संपेपर्यंत पंधरा टक्के, २०२७ ते २०२९ दहा टक्के, आणि २०३० पासून काही नाही. तुमचा २०३० आला तो इथून. पार्ट बी चं (मेडिकेअरच्या डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचं) डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम, यात मोजतच नाहीत, कोंब निघाला तरी.

आता तुमच्याच पद्धतीने हिशोब. २०१८ चाच दर धरला तर १८७ च्या जागी आज साधारण १४० येतील. तेही कोंब सापडला तरच. म्हणजे २०३० पर्यंत थांबून तुम्ही वाचवणार १४० डॉलर, वर्षाला तीसेक. दिवाळीत ओक ट्री रोडवर आपण एका दुपारी किती रुपयांची, म्हणजे डॉलरची, मिठाई घेतली ते मी पावतीवर बघितलं आहे. आणि तोवर तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे व्हाल. कोलोनोस्कोपीला मेडिकेअर वरच्या वयाची अट घालत नाही, पैसे तेव्हाही देईल. पण ही तपासणी सर्रास सगळ्यांनी करावी असं इथले तज्ज्ञ सांगतात ते ४५ ते ७५ या वयात. ७६ ते ८५ मध्ये माणूस बघून, तब्येत बघून ठरवायचं म्हणतात. म्हणजे तपासणी फुकट झाली त्या वर्षी डॉक्टरच म्हणायचे, आता राहू द्या. मग त्या फुकटाचं काय करायचं?

आता आप्पाकाकांचं लिहिते. हे फोनवर मला बोलताच आलं नसतं.

फोल्डरमध्ये २०१८ च्या फॉर्मची प्रतही आहे. 'कुटुंबात कोणाला आतड्याचा कॅन्सर?' यापुढे तुमच्या सुरेख अक्षरात लिहिलंय, 'नाही'. बाबा, आप्पाकाकांना काय झालं होतं? आपल्या घरात 'पोटात गाठ' एवढंच म्हणायचे. मिरजेला ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी लावली, २००९ च्या मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा ते शर्ट सैल सोडून झोपाळ्यावर बसायचे आणि मला जवळ घ्यायचे नाहीत. आजी शेवटपर्यंत अल्सर म्हणत राहिली. तो शब्द घरात कोणी उच्चारला नाही, आणि तुम्ही अमेरिकेतल्या फॉर्मवरही उच्चारला नाहीत. मला त्यामागचं कळतं. पण सख्ख्या भावाचा आजार डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवा. नुसतं त्यांच्यासाठी नाही, मेडिकेअरच्या हिशोबातही त्याने फरक पडतो.

आईवडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा आपल्याला स्वतःला तसा कोंब होऊन गेला असेल, तर मेडिकेअर त्या माणसाला 'हाय रिस्क' धरतं. साध्या माणसाला स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी १२० महिन्यांतून एकदा, हाय रिस्कला २४ महिन्यांतून एकदा. तुम्ही दोन्ही बाजूंनी त्यात बसता. २०१८ च्या रिपोर्टवर 'पाच वर्षांनी परत' असं छापलंय, म्हणजे ती वेळ २०२३ मध्येच टळली. आणि 'एकदा कोंब निघाला, आता पुढची प्रत्येक तपासणी डायग्नॉस्टिकच लावतील' ही तुमची भीती खरी नाही. ती स्क्रीनिंगच असते, फक्त हाय रिस्कची. कोड जी ०१०५. साध्याचा जी ०१२१. हे दोन आकडे फोल्डरवर लिहून ठेवा, तुम्हाला आवडेल असं काम आहे.

उद्या फोन कराल तेव्हा विचारायचं, "माझी हाय रिस्क स्क्रीनिंग म्हणून नोंद होणार ना? आणि तुम्ही मेडिकेअरची असाइनमेंट घेता, म्हणजे त्यांनी ठरवलेलाच दर मानता ना?" दोन्हीला हो आलं की बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून घ्या. तपासणीआधी डॉक्टरांना नुसतं भेटायला बोलावलं तर त्या भेटीचं बिल वेगळं येऊ शकतं, तेव्हा परत लाल पेन काढू नका.

एक मात्र बजावते. रक्त पडतंय, वजन उतरतंय, असं काही असेल तर ते स्क्रीनिंग राहत नाही. मग डिडक्टिबल लागतं आणि वर वीस टक्के. यंदाचे, २०२५ चे, २५७ डॉलर तर तुमच्या गुडघ्याच्या फेऱ्यांतच भरून झालेत. पण तेवढ्यासाठी काही लपवून ठेवाल, तर मी थेट आईकडूनच काढून घेईन.

आई, आता तुझं. तू "मला काही होत नाही" म्हणतेस. चांगलं आहे, ही तपासणी काही होत नसलेल्यांचीच असते. तुझ्या माहेरी कोणाला नाही, तुला त्रास नाही, तेव्हा तुला दुर्बिणीपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. एक साधी शौचाची चाचणी असते, वर्षातून एकदा. दुसरी डीएनएची, तिची पेटी घरी येते, ती तीन वर्षांतून एकदा, वय ४५ ते ८५. दोन्हीला तुझा खर्च काही नाही. बाबांना ही पेटी चालणार नाही, ती हाय रिस्कवाल्यांसाठी नाही, म्हणून त्यांनी तुझ्या पेटीकडे बघून "मलाही हेच" म्हणू नये. चाचणीत काही आढळलं तर कोलोनोस्कोपी करावी लागते, आणि २०२३ पासून तीही स्क्रीनिंगमध्येच धरतात. आधी तीही डायग्नॉस्टिकमध्ये ढकलायचे. राहता राहिली तुझी लाज. पेटी कुरियरवाला दारातून नेतो, आत काय आहे हे तो विचारत नाही. आणि देवघर वरच्या मजल्यावर आहे.

टीव्हीवरचे ते खासगी कंपन्यांचे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन, दात फुकट, चष्मा फुकट, ७ डिसेंबरच्या आत फोन करा, त्यांच्या नादाला या घाईत लागू नका. स्क्रीनिंग त्यांनाही द्यावंच लागतं, पण त्यांच्या नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे. आपले डॉक्टर त्यात आहेत का हे मी आल्यावर बसून बघू.

मी १० डिसेंबरला येतेय. तपासणी शुक्रवारी, १२ ला मिळाली तर बघा. गुंगी देतात, त्यामुळे गाडी मी चालवीन. टॅक्सीने एकट्याला घरी सोडत नाहीत. साखरेच्या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन त्या दिवसांत कसं घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, नानांच्या सल्ल्याने नको.

आई, आठवडाभर आधीपासून बियांचं काही नको. तिळाची चटणी, कारळाची चटणी, टोमॅटोची कोशिंबीर सगळं बंद. ज्वारीची भाकरीही नको, साधा पांढरा भात चालेल. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: गाळलेलं मुगाचं पाणी, शहाळ्याचं पाणी, सफरचंदाचा रस, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत अजिबात नाही. लाल रंग आत राहिला की रक्तासारखा दिसतो. बाबा म्हणतील कोकम पित्ताला चांगलं. बाटली गॅरेजमध्ये ठेव.

आणि आत्ता कॅलेंडर बघताना लक्षात आलं, आदला दिवस ११ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार. तुझाही उपास, त्यांचाही. घट मांड, कहाणी वाच, पण संध्याकाळचा नैवेद्य तेवढा झाकून ठेव. बाबांचा वाटा शुक्रवारी दुपारी, मी त्यांना घेऊन घरी आले की.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, फॉर्मवर 'भाऊ' असं लिहा. पुढचा शब्द लिहायला जमला नाही तर रिकामं सोडा, मी आल्यावर लिहीन.