दोन लाखांची मर्यादा परदेशात कुठे जाते?

संपादक महोदय,

परदेशी सहलीहून परतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. क्रेडिट कार्डावर दोन लाखांची मर्यादा, तरी हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारले गेले. बहुतेक वेळा ना मशीन बिघडलेले असते, ना कार्ड. बँकेने मंजूर केलेली मर्यादा एक आणि कार्ड प्रत्यक्षात जिथे अडते ती दुसरीच, हा फरक मात्र निघण्याआधी कोणी समजावून सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालते. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि टॅप करून पैसे देणे ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असते, आणि प्रत्येकाची मर्यादाही त्यानेच ठरवायची असते. जुन्या कार्डाची मुदत संपून सहलीच्या तोंडावर नवे कार्ड आले, की नेमके हेच राहून जाते. अॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ हे बटण सुरू करून काम संपत नाही. त्याखाली दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि टॅप यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. एखादी काही हजारांवरच थांबलेली असते.

ऑनलाइन वापर बंद ठेवणे सुरक्षित, कारण अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी न मागताच पैसे घेतात. पण ‘पैसे नंतर द्या’ म्हणून खोली राखून ठेवली असेल, तर हॉटेल ठरलेल्या तारखेला ऑनलाइनच पैसे घ्यायला जाते. तेव्हा हा वापर बंद असला तर पैसे मिळत नाहीत आणि आरक्षण रद्द होऊ शकते. ती तारीख आधी पाहून तेवढ्यापुरता वापर सुरू ठेवावा.

खरी अडचण होते ती रोखून धरलेल्या रकमेची. समजा, मर्यादा २ लाख आहे. विमानाची ९० हजारांची तिकिटे याच कार्डावर काढली आहेत आणि ते बिल अजून भरलेले नाही. हिशेबासाठी युरो १०० रुपयांचा धरू. हॉटेलने चार रात्रींचे ६०० आणि किरकोळ खर्चापोटी २०० असे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपये, अनामत म्हणून रोखले. हे पैसे कापलेले नाहीत, बिलातही दिसणार नाहीत. तरी मर्यादेतून तेवढे वजा झाले. उरले ३० हजार. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीसाठी कंपनी ५०० युरो रोखू पाहते आणि कार्ड नाकारले जाते.

हॉटेल सोडले की ही रक्कम लगेच मोकळी होईल असे नाही. हॉटेलकडून तसा संदेश बँकेला यावा लागतो. त्यात काही दिवस जातात, कधी दोन-तीन आठवडेही. अनेक जण अनामत एका कार्डावर देतात आणि निघताना बिल दुसऱ्या कार्डावर किंवा रोखीने चुकते करतात. मग पहिल्या कार्डावरचे ८०० युरो तसेच अडकून राहतात. ज्या कार्डावर रक्कम रोखली त्यावरच बिल भरावे. ते जमत नसेल, तर काउंटरवरच रोखलेली रक्कम मोकळी करायला सांगून तशी पावती घ्यावी. डेबिट किंवा फॉरेक्स (आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या) कार्डावर तर अनामत देऊच नये, तिथे आपले स्वतःचे पैसे अडकतात. गाडी भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, हेही आरक्षणाआधी पाहावे.

यासाठी तिकिटांचे बिल, शेवटची तारीख लांब असली तरी, निघण्याच्या तीन-चार दिवस आधी भरून टाकावे, म्हणजे मर्यादा पुन्हा मोकळी होते. शक्य असेल तर दोन कार्डे न्यावीत: एक फक्त अनामतींसाठी, दुसरे रोजच्या खर्चासाठी, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नयेत.

क्रेडिट कार्डाची एटीएम मर्यादा शून्य करावी. रोख काढताच साधारण अडीच टक्के शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होते. खरेदीवरही अनेक कार्डांना साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचे बँकेचे शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के, लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये वर. मर्यादेचा हिशेब करताना हे धरावेत. मशीनने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर युरोच निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात तिकडचा चढा दर मिसळलेला असतो आणि आपल्याकडच्या काही बँका त्यावर वेगळे शुल्कही लावतात.

विमानतळावर तिथले सिम घेताना भारतातले सिम काढून ठेवले, तर ओटीपी येत नाही आणि सिम तपासणारी बँकेची अॅप उघडत नाहीत. मग मर्यादा वाढवायची म्हटली तरी मार्ग उरत नाही. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून ते फोनमध्येच ठेवावे आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्यावे. १८०० ने सुरू होणारे क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. +९१ ने सुरू होणारा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

बँकांकडे दोनच मागण्या आहेत. आंतरराष्ट्रीय वापर सुरू करताच चारही मर्यादा एकाच पडद्यावर, रुपयांत दिसाव्यात. आणि रोखलेल्या रकमांची वेगळी यादी असावी: कोणी रोखली, कधी रोखली, कधीपर्यंत. बँकेच्या यंत्रणेत ही माहिती असतेच. ती ग्राहकाला दाखवायला नवा नियम येण्याची वाट पाहू नये.

– कार्ड विभागातून निवृत्त झालेला एक बँक कर्मचारी, डोंबिवली