आदरणीय थिओडोशिया सिम्प्सन यांना

थिओडोशियाताई,

१७ जून १९४३ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सालेममध्ये, आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीच्या ६५ नंबरच्या कारखान्यात तुम्ही आणि तुमच्या सोबतिणींनी काम थांबवलंत. विडी कामगार बायकांमध्ये संघटनेचं काम करणारे आम्ही त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानतो.

तंबाखूच्या पानाची मधली शीर काढायचं काम काळ्या बायकांचं. सिगारेटची यंत्रं आणि त्यांवरचा बरा पगार गोऱ्यांचा. आजारपणामुळे कामात मागे पडलेल्या एका विधवेला मुकादमानं धमकावलं आणि तुमचं ठरलं. पण ठरवून भागत नाही. यंत्रापर्यंत पान आणून देणाऱ्या पुरुषांशीही बोलणं झालं, ही आम्हाला सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. एकाच खात्याचा बंद मोडणं सोपं असतं: शेजारचं खातं चालू राहतं, मालक तिथली माणसं इकडे आणून बसवतो. तुमच्याकडे उलट झालं. शीर न काढलेलं पान पुढे जात नाही, पुढची खाती रिकामी पडतात. काही दिवसांत हजारो कामगार तुमच्या बाजूला आले. पाठिंबा देणारे सहकामगार जेम्स मॅकार्डेल मात्र त्याच दिवशी कामाच्या जागी कोसळून वारले. त्यांनाही आमचा नमस्कार.

व्यवस्थापनाचे जॉन व्हिटेकर ‘लिटल स्टील’ सूत्र पुढे करून पगारवाढ नाकारू लागले. युद्धकाळातली ती वेतनमर्यादा: जानेवारी १९४१ च्या पगारावर साधारण १५ टक्के वाढ. तुम्हाला ते सूत्र माहीत होतं, म्हणून तिथल्या तिथे त्यांना अडवू शकलात. बोलणीला जाताना पगाराची पावती आणि सरकारी आदेश, दोन्ही वाचलेले हवेत. नाहीतर ‘कायद्यात बसत नाही’ एवढ्या एका वाक्यावर बैठक संपते.

एप्रिल १९४४ मध्ये लोकल २२ चा, म्हणजे तुमच्या युनियनच्या स्थानिक शाखेचा, कंपनीशी पहिला करार झाला. खात्याखात्यातले निवडलेले प्रतिनिधी आता मुकादमासमोर तक्रार मांडू लागले. युनियनच्या पुढारी व्हेल्मा हॉपकिन्स आणि मोरांडा स्मिथ यांचेही इथे आभार. युनियननं मतदार नोंदणीही हाती घेतली, आणि १९४७ मध्ये काळे धर्मोपदेशक केनेथ विल्यम्स नगर परिषदेवर निवडून आले.

१९५० मध्ये कामगारांचं प्रतिनिधित्व कोणी करायचं यासाठी झालेल्या मतदानात लोकल २२ थोडक्या मतांनी हरली. कम्युनिस्ट म्हणून झालेली बदनामी, गोऱ्या कामगारांशी तुटलेलं नातं आणि हात कमी करणारी शीर काढायची नवी यंत्रं, सगळं एकदमच आलं. म्हणून कराराच्या मसुद्यात आम्ही आधीच विचारतो: नवं यंत्र आणायचं तर नोटीस किती दिवसांची, आणि मोकळ्या होणाऱ्या बाईला काम कुठलं?

तुमचे ऋणी,
विडी कामगार संघटनेतले कार्यकर्ते