पीक कापणीचा आकडा एकटा छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) निवडक शेतांतला ठरावीक तुकडा कापून, तोलून पिकाचे सरासरी उत्पादन काढतात; हाच पीक कापणी प्रयोग. ही सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे मागील वर्षांच्या उत्पादनावरून ठरवलेल्या पातळीच्या खाली गेली की पीक विम्याची भरपाई लागू होते. बातमीत हा सरासरीचा आकडा एकटाच येतो. त्यामुळे संख्याशास्त्रज्ञ म्हणजे बेरजा मारणारा माणूस, हा समज आणखी घट्ट होतो. त्याचे खरे काम बेरजेच्या कितीतरी आधी होते. कोणत्या गट क्रमांकातले कोणते शेत आणि शेतातला कोणता तुकडा कापायचा, हे कुणाच्याही मर्जीवर राहू नये अशी आखणी तो करतो.

मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग होतात. शेत चिठ्ठी काढावी तसे यादृच्छिक अंकांवरून ठरते. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून, अंक सांगतील तितकी पावले लांबीत आणि रुंदीत टाकून पहिली खुंटी ठोकायची. बहुतेक पिकांसाठी प्लॉट १० बाय ५ मीटरचा. कर्ण ११.१८ मीटर भरला नाही तर कोपरे काटकोनात नाहीत, पुन्हा मोजा. प्लॉट बांधाबाहेर जात असेल तर तो आत सरकवायचा नाही, नवे अंक घ्यायचे. सरकवायची मुभा दिली की हात आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. शेत आधीच कापलेले निघाले तर शेजारचे उभे पीक घेणे हीसुद्धा तीच चूक.

हा प्लॉट ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरच्या २००व्या भागाइतका. इथे वजनात किलोभर फरक पडला की हेक्टरी २ क्विंटलचा फरक! ओलसर सोयाबीन न वाळवता तोलले, प्लॉट आखणाऱ्या दोरीवरची झाडे सरसकट आत धरली, की उत्पादन फुगते आणि भरपाई घटते. साताऱ्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात असेच फुगणे दाखवले होते: प्लॉट जितका लहान, तितके उत्पादन जास्त दिसते. कारण कडेचे: कडेवरची झाडे आत धरली जातात. १ चौरस मीटरच्या चौरसाला ४ मीटर कड असते. आपल्या ५० चौरस मीटरला फक्त ३०, म्हणजे दर चौरस मीटरला ०.६ मीटर.

प्रयोग वाढवले तर काय होते? समजा प्लॉटांच्या उत्पादनाचे प्रमाण विचलन, म्हणजे प्लॉटाप्लॉटांतल्या फरकाचे माप, सरासरीच्या ४० टक्के आहे. १० प्रयोगांच्या सरासरीत प्रमाण त्रुटी (मोजकेच प्लॉट घेतल्याने सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते याचे माप) सुमारे १३ टक्के राहते, ४० प्रयोगांच्या सरासरीत सुमारे ६. पण ओल्या दाण्यांची किंवा सरकवलेल्या प्लॉटची चूक ४०० प्रयोगांनीही कमी होत नाही, कारण ती एकाच बाजूला झुकलेली असते. तिच्यावर उपाय शेतातच करावा लागतो: कृषी सहायक आणि तलाठी यांना नीट प्रशिक्षण, न ताणणारी टेप, तपासलेला काटा आणि प्रयोगाच्या तारखेची शेतकऱ्याला आगाऊ सूचना.

म्हणून मंडळनिहाय सरासरीसोबत प्रयोगांची संख्या, प्रत्येक प्लॉटचे ओले व वाळलेले वजन आणि प्रमाण त्रुटी शासनाने जाहीर करावी, आणि आपल्या दैनिकानेही ती मागून घेऊन छापावी.

— कृषी सांख्यिकीचा एक अभ्यासक, सातारा