बेथनल ग्रीनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर त्या उलट्या जिन्याबद्दल विचारलंत आणि नेमकं तेव्हाच मला ऑफिसच्या मीटिंगला जावं लागलं. तशीही ती गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

तो सागवानी जिना म्हणजे स्मारक आहे, लंडनमधल्या आमच्या बेथनल ग्रीन ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनच्या तोंडाशीच. महायुद्धात इथे गाड्या येत नव्हत्या. बोगदा तयार होता, पण लाइन सुरू झाली ती १९४६ साली. त्यामुळे अख्खं स्टेशन लोकांना आसऱ्यासाठी दिलेलं. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला, लोक नेहमीसारखे खाली उतरू लागले. तेवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता, लोकांना वाटलं बॉम्बच पडताहेत. रेटारेटी झाली. मूल कडेवर घेतलेली एक बाई खालच्या पायऱ्यांवर अडखळली आणि मागचे सगळे तिच्यावर कोसळले. उजेड एका मिणमिणत्या दिव्याचा, मधे धरायला कठडा नाही. १७३ माणसं गुदमरून गेली, त्यांत ६२ मुलं. त्या रात्री या भागात एकही बॉम्ब पडला नव्हता! पेपरांना जागेचं नावसुद्धा छापू दिलं नाही. स्मारक पुरं व्हायला २०१७ उजाडलं.

पण खरं सांगू, मला त्याहून नवल वाटतं ते खाली मांडलेल्या संसाराचं. हजारो माणसांना पुरतील अशा एकावर एक फळ्यांच्या खाटा, लहान मुलांची शाळा, नाटकाचं स्टेज, दवाखाना. वरची लायब्ररी सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बने उडाली, तर यांनी रुळांच्या जागेवर फळ्या टाकून खाली दुसरी काढली. संध्याकाळी बायका पिशवीत पांघरुणं, थर्मास आणि बदलायची पुस्तकं घेऊन उतरत, सकाळी वर येऊन घर जागेवर आहे का बघत, आणि तशाच कामावर जात. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित मुलींनाही सक्तीने कामाला जुंपलं होतं, तेव्हा 'आज झोप झाली नाही' ही सबब कुठली चालायला!

आई, आता तुझ्या खात्यातलं. एका माणसाला आठवड्याचा चहा किती, तर ५७ ग्रॅम! जुलै १९४० मध्ये हे सुरू झालं ते युद्ध संपल्यावरही १९५२ पर्यंत चाललं. तुझं काय झालं असतं देव जाणे. साखर साधारण पाव किलो, लोणी चहाइतकंच, अंडं मिळालं तर एक. ज्या दुकानात नाव नोंदवलं तिथूनच माल घ्यायचा. दुकानदार पुस्तकातलं कूपन कापणार किंवा त्यावर शिक्का मारणार. भाज्यांवर रेशन नव्हतं, पण कांदा बाजारातून गायब. तो यायचा फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि चॅनल बेटांवरून, आणि १९४० च्या उन्हाळ्यात दोन्ही जर्मनांच्या ताब्यात गेली. मग कचेऱ्यांमधून एकेक कांदा बक्षीस ठेवून सोडती निघायच्या. हसू नकोस, खरंच निघायच्या. शाकाहाऱ्यांची मात्र सोय होती, मांसाची कूपनं सोडली की त्याबदली जास्तीचं चीज मिळे.

बीबीसीवर रोज सकाळी 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम लागायचा, आहे त्या शिध्यात काय रांधावं ते सांगणारा. त्यात आपल्याकडच्या शाकाहारी पाककृती कोण सांगत होतं ठाऊक आहे? वेणू चितळे, आपल्या शिरोळच्या! बॉम्ब पडत असताना ही कोल्हापूरकडची बाई लंडनच्या रेडिओवर इंग्रज बायकांना स्वयंपाक शिकवत होती, आणि आपल्याला शाळेत कुणी अवाक्षरानेही सांगितलं नाही.

बाबा, तुम्ही ७१ च्या युद्धातल्या मुंबईतल्या ब्लॅकआउटबद्दल नेहमी सांगता, खिडक्यांना काळे कागद आणि मोटारींचे अर्धे रंगवलेले दिवे. इथे ते १ सप्टेंबर १९३९ पासून पाचेक वर्षं चाललं. पहिले काही महिने लंडनवर बॉम्ब पडलेच नाहीत, पण अंधारात गाड्यांखाली माणसं मरायला लागली. मग फुटपाथच्या कडांना आणि झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे ओढले. तुमचे कृष्ण मेनन तेव्हा सेंट पँक्रस भागात हवाई हल्ल्याचे वॉर्डन होते. संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्यावर तुमचा राग आहे, तो असू दे, पण हे काम त्यांनी केलं होतं.

इथली माणसं त्या काळाबद्दल फार हळवी होऊन बोलतात, सगळे कसे एकजुटीने राहिले वगैरे. रेशनचा न्याय मलाही मानावा लागतो, श्रीमंताच्या घरीही चहा तेवढाच. पण हा हिशेब समुद्रापलीकडे लागू नव्हता. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, आणि दिल्लीहून धान्यासाठी तारांवर तारा येत असताना लंडनचं मंत्रिमंडळ जहाजं नाहीत म्हणत राहिलं. हे मी ऑफिसात एकदा बोलले, तर सगळे एकदम हवामानावर आले.

बाकी सगळं ठीक. बाबा, बीपीची गोळी बदलून दिलीय ती सकाळीच घ्या, रात्री नको. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाल तेव्हा येताना शिरोळात थांबून चितळ्यांचं घर कुठलं ते कुणा म्हाताऱ्या माणसाला विचाराल का? ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो जयसिंगपूरकडून गाडी दामटेल.

तुमची,
मनू